मोडावयाचे वचन

माझ्या जुन्या प्रार्थनापुस्तकात अकरा पवित्र चित्रे आहेत. त्यांतील दोन माझी स्वतःची. उरलेली नऊ माझ्या बाकावरच्या मैत्रिणीची. संत अंतोनी, छोटी तेरेजा, फातिमामाता, आणखीही कोणकोण. ती तिने १९७१ सालच्या पावसाळ्यात, एका शनिवारी दुपारी शाळेतून परत येताना माझ्या हाती ठेविली. "तुझ्यापाशी राहू देत," ती म्हणाली. ज्या चित्रांसाठी ती धाकट्या भावाशी भांडत असे, ज्यांच्या कडा दुमडतील म्हणून आम्हां मुलींना हात लावू देत नसे, ती चित्रे तिने अशी सहज देऊन टाकावी याचे मला नवल वाटले. खरे सांगावयाचे तर आनंदच झाला. मग तिने मला आणखी काही सांगितले, आणि ते कोणासही न सांगण्याची पवित्र मरियेची शपथ घातली. मी शपथ घेतली आणि पाळली.

मंगळवारी पहाटे ती गेली. स्वतःच्या हाताने गेली, एवढेच येथे लिहिते. तिच्या घरची काही माणसे हयात आहेत, म्हणून नाव, गाव देत नाही. बाकीचा तपशीलही देत नाही, कारण अशा वर्णनांनी दुःखी मन त्याच वाटेकडे ओढले जाते, असे या विषयाचे जाणकार सांगतात. त्यावेळी लोक म्हणाले, परीक्षेत नापास झाली म्हणून. कोणी म्हणाले, बापाने मारले म्हणून. परंतु मी चार वर्षे तिच्या शेजारी बसले होते. निकाल लागण्याच्या पुष्कळ आधीपासून ती डबा न उघडता घरी परत नेत असे आणि गाण्याच्या तासाला तिचे ओठ हलत नसत, हे मला ठाऊक होते. एका कारणाने माणूस जात नाही. ओझ्यावर ओझे चढत जाते, आणि लोकांच्या दृष्टीस मात्र शेवटचे ओझे तेवढे पडते.

चर्चची घंटा वाजली नाही. त्या काळी १९१७ सालच्या धर्मसंहितेचा अंमल होता, आणि जाणूनबुजून स्वतःचा प्राण घेणाऱ्यास ख्रिस्ती विधीने मूठमाती मिळत नसे. दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, करवंदीच्या जाळीपाशी, चार माणसांनी तिला पुरले. आमचे त्यावेळचे फादर कठोर मनाचे नव्हते. त्या रात्री ते कंदील घेऊन एकटेच तिकडे गेल्याचे एका गुराख्याने पाहिले होते. पण नियम तो नियम. पुढे १९८३ सालच्या नव्या संहितेतून ती बंदी निघाली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात तर स्पष्टच म्हटले आहे की, आपण आपल्या जीवाचे मालक नसून राखणदार आहो हे खरे, तथापि मनाची तीव्र व्याधी, यातना व भय यांनी अशा माणसाची जबाबदारी उणावते, त्याच्या तारणाची आशा कोणी सोडू नये, आणि ख्रिस्तसभा त्याच्यासाठी प्रार्थना करिते. आमच्या दफनभूमीत जागा अपुरी पडू लागली तेव्हा १९९८ साली कुंपण दहा हात पुढे सरकविण्यात आले, आणि करवंदीची जाळी आत आली. त्याविषयी कोणी एक शब्द बोलले नाही. दर वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मी तेथे मेणबत्ती लावते.

परंतु आज मला लिहावयाचे आहे ते त्या दफनाविषयी नव्हे, त्या शपथेविषयी.

शनिवार दुपारपासून मंगळवार पहाटेपर्यंत मजपाशी तीन रात्री होत्या. रविवारी मिस्साला मी तिच्या मागे दोन बाके सोडून बसले होते. सोमवारी विहिरीवर तिच्या आईने मला विचारले, "आमची अलीकडे एवढी गप्प का असते गं? तुला काही बोलली काय?" मी म्हणाले, "नाही काकी." तो घडा, तो दोर, काकींचा तो ओला पदर मला आजही दिसतो. मला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकविले होते की शपथ मोडणे पाप आहे. घरी शिकविले होते की चहाडी करणे वाईट आहे. काही वचने मोडण्यासाठीच असतात, हे मात्र कोणी शिकविले नव्हते. पंधरा वर्षांची होते मी. पुढे कित्येक वर्षे मी हे पापनिवेदनातही सांगितले नाही, कारण त्यात पाप कोणते हेच मला ठरविता येईना.

मी शिक्षिका झाले. छत्तीस वर्षे खानापूर तालुक्यात मराठी शिकविले. वर्गात सर्पदंशावर काय करावे ते सांगितले, पुराच्या पाण्यात उतरू नये ते सांगितले, वीज कडाडत असता झाडाखाली उभे राहू नये ते सांगितले. या एका गोष्टीविषयी तोंड उघडले नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १,७०,९२४ माणसांनी स्वतःचे जीवन संपविले. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. म्हणजे दिवसाला पस्तीसांहून अधिक. सर्पदंश शिकविताना माझी जीभ अडखळली नव्हती, येथे मात्र ती टाळ्याला चिकटे. ही कबुली आधी देते, म्हणजे पुढे जे लिहीन ते कोणाला शहाणपण मिरविणे वाटणार नाही.

२०२३ साली आमच्या फादरांनी दृढीकरणाच्या तयारीचा वर्ग मजकडे सोपविला. चौदा ते सतरा वर्षांची एकवीस मुलेमुली. मी फादरांकडे दोन रविवार मागून घेतले आणि कशासाठी ते सांगितले. फादर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आधी आईबापांना बोलावू."

आईबापांची सभा झाली. काजूच्या बिया सुकत घातलेल्या ओसरीवर सर्व बसले होते. मी विषय काढताच एक आजीबाई उठल्या. "असलं काय बोलतात काय वो पोरांसमोर! नसलेलं डोक्यात भरवायचं?" निम्म्या माना डोलल्या. त्यांची भीती मला खोटी वाटली नाही. तीच भीती माझ्या मनात छत्तीस वर्षे होती. म्हणून रागावण्याऐवजी मी त्यांना यूरोपातील एक प्रयोग सांगितला. दहा देशांतील १६८ शाळांत अकरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर तो झाला, आणि २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. काही शाळांत शिक्षकांना शिकविले की दुःखी मूल कसे ओळखावे. काही शाळांत प्रश्नावली देऊन मुलांची चाचपणी केली. काही शाळांत मात्र थेट मुलांशीच बोलले: मनाची दुखणी कशी असतात, मदत कोठे मिळते, सोबत्याला आधार कसा द्यावा. चर्चा केली, छोटे छोटे नाट्यप्रसंग त्यांच्याकडून करवून घेतले. वर्षभराने पाहिले तो काय, या शेवटच्या शाळांत जीव देण्याचे प्रयत्न, काहीच विशेष न केलेल्या शाळांच्या मानाने निम्म्यावर आले होते. पहिल्या दोन प्रकारांनी म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.

आजीबाईंनी विचारले, "म्हणजे बोलल्याने वाढत नाही?" मी म्हणाले, "नाही आजी. उलट कमी होते." मग मी त्यांना चॅड वारा या अँग्लिकन धर्मगुरूची हकीकत सांगितली. १९३५ साली, नवशिके पाळक असताना, त्यांच्यावर एका चौदा वर्षांच्या मुलीच्या दफनविधीचा प्रसंग आला. त्या मुलीला ऋतुप्राप्ती झाली होती, आणि आपणांस काही लाजिरवाणा रोग जडला अशी तिची समजूत झाली होती. विचारावे असे तिला कोणी नव्हते. ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही, आणि १९५३ साली त्यांनी लंडनच्या एका चर्चमध्ये, निराश झालेल्या कोणीही दूरध्वनी करावा व आपण ऐकावे, असे काम आरंभिले. त्यातून 'समॅरिटन्स' ही संस्था उभी राहिली. सभेतील बायका हे ऐकून स्तब्ध झाल्या. आजीबाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "शिकवा बाई. पण देवाचं नाव घेऊन शिकवा."

पहिल्या रविवारी मी ती नऊ चित्रे टेबलावर मांडली. कोणाची ते सांगितले नाही. एवढेच म्हणाले की, एका मुलीला ही प्राणाहून प्रिय होती, आणि एके दिवशी तिने ती मैत्रिणीला देऊन टाकली. का दिली असतील? मुले अंदाज करू लागली. तिला नवी मिळाली असतील. ती परगावी चालली असेल. मैत्रिणीचा वाढदिवस असेल. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी सहसा बोलत नसे, हळूच म्हणाली, "बाई, तिला ती आता लागणार नव्हती." वर्गात शांतता पसरली. त्या शांततेतच मी शिकवावयास आरंभ केला. जीवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणे. झोप उडणे वा दिवसभर झोपणे. खेळणे, खाणे, मित्र यांत गोडी न उरणे. 'मी नसले तर सर्वांचेच बरे होईल' असे बोलणे. अतिशय उदास माणूस एकाएकी विलक्षण शांत होणे. यांतील एखादी खूण दिसली म्हणजे तेच आहे असे नव्हे. पण विचारावे, एवढे मात्र नक्की.

विचारावे कसे, यात दुसरा सगळा रविवार गेला, आणि आणखी एक मागून घ्यावा लागला. हे प्रश्नोत्तरीप्रमाणे तोंडाने म्हणून घोटावे लागते. आपली जीभ आपोआप वळते ती अशा प्रश्नाकडे: "तुझ्या मनात असले वेडेवाकडे काही नाही ना?" असे विचारले की समोरचा 'नाही' म्हणणारच; उत्तर आपणच त्याच्या तोंडात घातलेले असते. म्हणून सरळ विचारावयाचे: "तुला फार त्रास होतो आहे असे दिसते. मरून जावे असे तुझ्या मनात येते का?" मुले जोडीजोडीने म्हणू लागली. आधी हसली. दोघे मुलगे इतके हसले की त्यांना बाहेर विहिरीवर पाठवून तोंड धुवावयास लाविले. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेस हसू थांबले, आवाज खाली आले, आणि एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहून ती ते शब्द म्हणू लागली.

त्या दोन हसणाऱ्यांपैकीच एकाने मग विचारले, "बाई, आणि तो 'हो' म्हणाला तर?"

या प्रश्नासाठी मी बावन्न वर्षे थांबले होते. मी त्यांना एलिया संदेष्ट्याची गोष्ट आठवावयास सांगितली. राणीच्या भयाने रानात पळालेला, थकलेला, झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागणारा तो एवढा मोठा माणूस! देवदूताने काय केले? त्याला रागे भरले का? श्रद्धा कमी पडली म्हणून सुनावले का? मुलांनीच उत्तर दिले: भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठविले, पुन्हा जेवू घातले, पुढची वाट लांब आहे म्हणून. बस्स, तेवढेच करावयाचे. त्याच्यापाशी बसावे. वाद घालू नये, उपदेश करू नये, 'आईबापांचा तरी विचार कर' असे म्हणू नये. तो विचार करून करूनच तो थकलेला असतो. त्याला एकटे सोडू नये. आणि तो म्हणेल, 'कोणाला सांगू नकोस, शपथ घे', तेव्हा शपथ घेऊ नये. म्हणावे: "हे मी एकटी पेलू शकत नाही. आपण दोघे मिळून सांगू." घेतली गेलीच शपथ, तर मोडावी. फादर त्यावेळी दारात उभे होते. ते आत आले आणि म्हणाले, "हे मीही सांगतो. असली शपथ मोडण्यात पाप नाही." एवढे बोलून ते निघून गेले. त्यांच्या त्या वाक्याचे मोल मुलांना किती कळले ठाऊक नाही. मी मात्र फळा पुसण्याचे निमित्त करून पाठमोरी झाले.

एका मोठ्या माणसाने ऐकले नाही तर दुसऱ्याकडे जावे, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याकडे, हेही त्यांना सांगितले. आणि एक क्रमांक पाठ करविला: १४४१६. ही केंद्र सरकारची 'टेली मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फुकट, रात्रंदिवस, मराठीतूनही बोलता येते. पूर्वी अशा घरांना पोलिसांचे भय असे, म्हणून वाचलेल्या मुलालाही लपवीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याच्या शुश्रूषेची जबाबदारी सरकारवर टाकली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या दंडसंहितेत ते जुने कलम राहिलेच नाही. वडीलमंडळींना माझी आणखी एक विनंती होती. शेतीची औषधे व घरातील गोळ्या कुलपात असाव्यात, आणि किल्ली जाणत्या माणसाच्या कंबरेला. हा झटका पुष्कळदा काही तासांचा असतो. ते तास निभावले की पुष्कळ मुले पुन्हा आपल्यात येतात.

असो. आता पुढचे सांगते.

२०२४ सालच्या ऑगस्टमध्ये, मुसळधार पावसात, दिवेलागणीला माझ्या दारी कोणी हाक मारली. पाहते तो ती मागच्या बाकावरची मुलगी. छत्री असून नखशिखान्त भिजलेली. ती म्हणाली, "बाई, मी विचारलं. ती हो म्हणाली." तिची मैत्रीण अकरावीला परगावच्या वसतिगृहात राहून घरी परतली होती, कॉलेजला जात नव्हती. "मी शपथ घेतली नाही बाई, पण तिला वाटतं मी घेतली." आता तिच्यापाशी कोण आहे, असे मी विचारले. म्हणाली, "माझ्या आईला बसवून आले. भाजी निवडायला म्हणून."

मी वहाणा शोधीत बसले नाही. अनवाणीच निघाले.

त्या घरी बाप संतापला. "आमच्या घरातली गोष्ट गावभर कोणी केली?" आईने पदराने तोंड झाकले. पोरीने आम्हां दोघींकडे अशा नजरेने पाहिले की मला ती नजर येथे लिहिता येत नाही. मी बापाला काही समजाविण्याच्या भरीस पडले नाही. त्याच्यासमोर १४४१६ लाविला आणि यंत्र त्याच्या हाती दिले. पलीकडे कोणी बाई होती; तिने त्याला काय विचारले ते मला ऐकू आले नाही, पण पाच मिनिटांनी तो भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा 'होय, होय' म्हणू लागला. त्या रात्री मुलीची आई तिच्या अंथरुणाशी जागी राहिली. दुसऱ्या दिवशी फादरांच्या गाडीतून तिला बेळगावी मनाच्या डॉक्टरांकडे नेले. औषध सुरू झाले. बोलणे सुरू झाले. बरे होणे सरळ रेषेत झाले नाही. गणपतीच्या सुट्टीत पुन्हा दोन वाईट आठवडे गेले, आणि तेव्हा बापच तिला घेऊन गेला.

त्या मुलीने मैत्रिणीशी बोलणे मात्र टाकले. चार महिने टाकले. मिस्साला दोघी दोन टोकांना बसत. एकदा माझी विद्यार्थिनी माझ्याकडे येऊन फार रडली. म्हणाली, "मी चहाडी केली असं ती म्हणते." मी तिला ती नऊ चित्रे पुन्हा दाखविली आणि या वेळी ती कोणाची हे सांगितले. आयुष्यात प्रथमच कोणाला तरी सांगितले. ती काही बोलली नाही. चित्रे एकेक करून उचलून पाहिली, आणि होती तशी ओळीने परत ठेविली.

नाताळात त्या घरातून हिच्या घरी नेवऱ्या व कुलकुल यांनी भरलेले ताट आले. धाकटा भाऊ घेऊन आला. निरोप काही नव्हता. पुढे जूनमध्ये कॉलेजे उघडली, तेव्हा दोघी एकाच बसने जाताना मला दिसू लागल्या. एके दिवशी थांब्यावर माझी विद्यार्थिनी एकटीच भेटली. पूर्वीसारखे आहे का, म्हणून मी विचारले.

"पूर्वीसारखं नाही बाई," ती म्हणाली. "पण आता ती माझ्याशी भांडते. काल खिडकीच्या जागेवरून भांडली."